काचेवरील दाब : ब्रिजमन आणि त्यानंतर

काच म्हणजे गोठलेला द्रव, तिला संरचना नसते, असे आपण वर्गात सहज सांगून जातो. यातला पहिला भाग एक वेळ चालेल. दुसरा मात्र विसाव्या शतकातील संशोधनाच्या इतिहासाशी जुळत नाही. काचेतही अणूंचे जाळे असते, फक्त त्याची मांडणी स्फटिकाप्रमाणे ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत नाही, असे झकारियासेन यांनी १९३२ साली मांडले. सिलिका काचेत प्रत्येक सिलिकॉन अणूभोवती चार ऑक्सिजन अणू असतात आणि असे चतुष्फलक कोपऱ्यांशी जोडलेले असतात. मधे पोकळ जागा बरीच राहते. या पोकळीची खरी परीक्षा दाबाने झाली.

ती घेणाऱ्यांत हार्वर्ड विद्यापीठाचे पर्सी ब्रिजमन (१८८२-१९६१) अग्रणी होत. आतील दाब जितका वाढेल तितकी अधिक घट्ट बसणारी बंदिस्ती त्यांनी शोधली आणि पूर्वीच्या काही हजार वातावरणांची मर्यादा मागे टाकून ते लाखाच्या पुढे गेले. १९४६ चे नोबेल त्यांना याच कार्यासाठी मिळाले. १९२५ मध्ये नैसर्गिक व कृत्रिम काचा तपासताना त्यांना एक विपरीत गोष्ट आढळली. पदार्थ दाबत गेले की तो दाबायला अधिक कठीण होतो, हा नेहमीचा अनुभव; सिलिका काच मात्र आरंभी अधिकच सोपी होत जाते.

पुढे १९५३ मध्ये इव्हान सायमन यांच्यासह त्यांनी काचेवर दर चौरस सेंटिमीटरला २ लाख किलोग्रॅमपर्यंत दाब दिला. सुमारे १ लाखापर्यंत दाब काढताच सिलिका काच पूर्ववत होई. त्यापलीकडे मात्र दाब काढल्यावरही तिची घनता वाढलेलीच राही. घनतेवरून पदार्थ ओळखण्याची रीत जुनीच. अल-बिरुनी यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी शंकूच्या आकाराच्या पात्रातून सांडलेले पाणी तोलून धातू व रत्नांची घनता काढली होती. येथे फरक एवढाच की पदार्थ तोच, काच तीच, तरी आकडा बदलला.

खिडकीच्या काचेत हा परिणाम कमी दिसतो. तिच्यातील सोडियमने पोकळ्या आधीच व्यापलेल्या असतात.

घनता वाढली ती निव्वळ दाबाने, की ऐरणीखाली काच सरकल्यानेही? मॅकेन्झी यांच्या १९६३ मधील प्रयोगांचा विषय हाच होता. सरकताण आणि उष्णता या दोन्हींची मदत होते, हे आज मान्य आहे.

मात्र दाबाखाली असतानाच काचेच्या आत पाहण्यासाठी हिऱ्याच्या ऐरणीची वाट पाहावी लागली. ती १९५८ मध्ये तयार झाली. मीड, हेमली व माओ यांनी १९९२ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखविले की सुमारे ८ ते २८ अब्ज पास्कलच्या दरम्यान (१ अब्ज पास्कल म्हणजे सुमारे १० हजार वातावरणे) सिलिकॉनभोवतीचे शेजारी चारांवरून सहाकडे जातात.

येथे बहुतेकांची गल्लत होते. ब्रिजमन यांना मिळालेली जड काच म्हणजे ही सहा शेजाऱ्यांची काच, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ते खरे नाही. दाब उतरला की सिलिकॉन बहुतांशी पुन्हा चार शेजाऱ्यांवर येतो. टिकून राहते ते निराळेच: चतुष्फलकांमधील कोन आक्रसलेले, त्यांची कडी नव्याने गुंफलेली. एवढ्यानेच घनता २.२० वरून सुमारे २.६७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ क्वार्ट्झ स्फटिकाइतकी होते, आणि तरीही पदार्थ काचच राहतो. ही काच पुरेशी तापविली की जाळे सैलावते आणि घनता पुन्हा २.२० कडे उतरते.