शिकाऱ्याची टिपणवही

हरिणामागें रथ दामटीत दुष्यंत राजा निघाला आणि कण्वाच्या आश्रमाच्या सीमेवर येऊन थांबला. पाण्याच्या आवाजाच्या रोखानें दशरथानें बाण सोडला आणि तो एका निरपराध तरुण तापसाच्या उरांत रुतला. आपल्या प्राचीन वाङ्मयांत मृगयेची कथा मृगयेपाशीं क्वचितच संपते. शस्त्र घेऊन रानांत शिरलेला पुरुष ज्याच्या शोधार्थ निघतो, त्याहून निराळेंच कांहीं त्याच्यासमोर येऊन उभें राहतें. आणि मग न्याय होतो तो सावजाचा नव्हे, तर शिकाऱ्याचा.

एकोणिसाव्या शतकांत रशियामध्यें याचाच प्रत्यय आला, आणि तोहि शिकारीच्या एका पुस्तकामुळें.

त्या काळीं रशियांतील जमीनदारांची श्रीमंती एकरांवर मोजीत नसत. ती माणसांवर मोजीत. जमिनीबरोबर तिच्यावर राबणारीं कुटुंबेंहि मालकाचीं असत. अशा खाजगी मालकीच्या भूदासांची संख्या दोन कोटींहून अधिक होती. भूदासानें कोठें राहावें, कोणाशीं लग्न करावें, हें मालक ठरवी. मनांत आलें तर मालक त्याला विकी, किंवा सैन्यांत धाडून देई. या व्यवस्थेविरुद्ध उघडपणें छापणें शक्य नव्हतें. झार पहिल्या निकोलसची सेन्सॉरशाही डोळ्यांत तेल घालून बसलेली होती.

मात्र शिकार आणि मासेमारी यांविषयीं लिहिण्यास हरकत नव्हती. सर्गेई अक्साकॉव्ह हा वयस्क गृहस्थ मॉस्कोजवळच्या आब्राम्त्सेवो येथें व्होर्या नदीच्या कांठीं राहत असे. दृष्टि मंद होत चालली, तेव्हां त्यानें आयुष्यभर जें पाहिलें होतें तें मजकूर सांगून उतरवून घेण्यास आरंभ केला. गळानें मासे धरण्याविषयींचीं त्याचीं टिपणें १८४७ सालीं प्रसिद्ध झालीं; ओरेनबुर्ग प्रांतांतील बंदुकीच्या शिकारीवरील ग्रंथ १८५२ सालीं आला. दलदलींतले, पाण्यावरचे, गवताळ माळावरचे आणि अरण्यांतले असे पक्ष्यांचे चार वर्ग करून त्यानें एकेका पक्ष्याचें चरित्र रेखाटलें. बार कसा भरावा हें त्यानें सांगितलेंच. पण पक्षी घरटें कोठें बांधतो आणि पिलांना कसें वाढवितो, हेंहि तितक्याच मायेनें सांगितलें. रशियन वाचकांनीं त्या ग्रंथाला डोक्यावर घेतलें. त्याच्यावर आनंदानें लिहिणाऱ्या समीक्षकांत इव्हान तुर्गेनेव्ह हा तरुण लेखक होता. तो स्वतः बंदुकीचा मोठा षोकी होता.

तुर्गेनेव्हचा जन्म १८१८ सालचा. त्याची आई ओर्योल प्रांतांतील स्पास्कोये येथील हजारों भूदासांची मालकीण होती, आणि तिचा हात सढळ होता तो चाबकाच्या बाबतींत. घरांत जें बालपणीं पाहिलें, त्याचा अर्थ मुलाला रानांत उमगला. पक्ष्यांची शिकार पायींच करावी लागते. बरोबरचा पॉइंटर जातीचा कुत्रा वाऱ्यावर नाक धरून पुढें धांवतो आणि पक्ष्याचा वास येतांच एक पाय उचलून पुतळ्यासारखा थिजतो. कुत्रा नेईल तिकडे मालकानें जावयाचें. पाऊस आला तर झोंपडींत आसरा घ्यावयाचा, अंधार पडला तर गवताच्या गंजीत निजावयाचें. जमीनदाराची चारचाकी जेथें कधींच गेली नसती, तेथें कुत्र्यानें जमीनदाराला नेऊन पोंचविलें.

१८४७ च्या जानेवारींत 'समकालीन' अशा अर्थाच्या नांवाच्या पीटर्सबर्गच्या मासिकांत त्याचें पहिलें शब्दचित्र आलें. खोर आणि कालिनिच या दोन शेतकऱ्यांचें तें चित्र. वाचकांनीं तें सौम्य दृष्टीनें घ्यावें म्हणून इव्हान पानायेव्ह या संपादकानें त्याखालीं 'एका शिकाऱ्याच्या टिपणांतून' अशी पुस्ती जोडली. पुढें तीच पुस्ती साऱ्या मालिकेचें नांव झाली.

त्यांतील यर्मोलायचें चित्र पाहण्याजोगें आहे. यर्मोलाय हा शेजारच्या जमीनदाराचा भूदास. महिन्यांतून एकदां मालकाच्या मुदपाकखान्यांत दोन जोड्या रानपक्षी आणून द्यावेत. बाकी त्यानें कोठें राहावें आणि काय खावें, याची मालकाला फिकीर नाहीं. त्याच्याजवळ वालेत्का नांवाचा पॉइंटर कुत्रा. यर्मोलाय त्याला कधीं तुकडाहि घालीत नसे. त्याच्या मतें कुत्रा हुषार जनावर, आपलें पोट तो आपण भरील. वाचक हंसतो, आणि हंसतां हंसतां त्याच्या ध्यानांत येतें कीं यर्मोलायनें कुत्र्याला जें शिकविलें, तें मालकानें यर्मोलायला आधींच शिकविलें होतें.

याच कथेंत गिरणीवाल्याची बायको आरीना भेटते. ती पूर्वीं एका बड्या घरची दासी होती. मालकिणीला लग्न झालेल्या दासी खपत नसत. आरीनानें एका नोकराशीं लग्न करण्याची परवानगी मागितली. त्या अपराधाबद्दल तिचे केस कापून तिला खेड्यांत धाडलें, आणि त्या नोकराला सैन्यांत. लेखकानें येथें निषेधाचा एक शब्दहि लिहिलेला नाहीं. शिकारी ऐकतो, रात्र सरते, एवढेंच. सेन्सॉरनें खोडावें तरी काय?

एकेक शब्दचित्र सुटें सुटें छापलें जात होतें, तोंवर त्यांतला दारूगोळा कोणाला दिसला नाहीं. १८५२ च्या ऑगस्टमध्यें मॉस्कोला त्यांचें दोन भागांचें पुस्तक निघालें आणि सरकारचे डोळे उघडले. ज्या सेन्सॉरनें तें पसार केलें, त्याची नोकरी गेली. तुर्गेनेव्ह तर आधींच सांपडला होता. गोगोलच्या निधनावर त्यानें लिहिलेला लेख पीटर्सबर्गला नाकारला गेला, तेव्हां त्यानें तो मॉस्कोंत छापविला. त्याबद्दल त्या वसंतांत त्याला महिनाभर अटकेंत ठेवून मग स्पास्कोयेला स्थानबद्ध केलें. ती स्थानबद्धता १८५३ च्या अखेरपर्यंत टिकली.

त्या अटकेंतच त्यानें 'मुमू' ही कथा लिहिली. मुका भूदास गेरासिम नदींतून स्पॅनियल जातीचें एक पिलूं वांचवितो. त्याच्या भुंकण्यानें मालकिणीची झोंप मोडते. आणि हुकूम झाल्यावर गेरासिम स्वतःच्या हातानें त्याला बुडवितो. पक्ष्यांच्या शिकारीसाठीं नांवाजलेल्या जातीचें तें पिलूं. त्या कथेंत शिकार कोठेंच नाहीं. तरी शिकारीच्या पुस्तकांत जें सूचित होतें, तें तेथें उघडें पडलें. कथेंतल्या मुक्याचा मूळ नमुना तुर्गेनेव्हच्या आईच्याच घरचा द्वारपाल होता.

भूदासांच्या मुक्तीचा जाहीरनामा जुन्या रशियन पंचांगाप्रमाणें १९ फेब्रुवारी १८६१ रोजीं निघाला. त्यावर सही करणारा झार दुसरा अलेक्झांडर याच्या मनावर या पुस्तकाचा परिणाम झाला होता, असें सांगितलें जातें. एका पुस्तकानें दोन कोटी माणसें सुटलीं, असें म्हणणें मात्र इतिहासाला धरून होणार नाहीं. क्रिमियाच्या युद्धांतील पराभवानें जुन्या व्यवस्थेचा पोकळपणा उघड झाला होता, आणि बंडाची धास्तीहि होती. शिवाय मिळालेली मुक्ति अपुरी होती. आपल्या वांट्याच्या जमिनीचे हप्ते शेतकरी पुढें १९०६ पर्यंत फेडीत राहिले.

तरीहि पुस्तकाचा वांटा लहान ठरत नाहीं. कायदा बदलण्यापूर्वीं दृष्टि बदलावी लागते. पाणलावा कोठें बसतो आणि उडतांना कसा वळतो, हें पाहण्यासाठीं शिकाऱ्यानें आपला डोळा तयार केला होता. तोच डोळा त्यानें वाटेंत भेटलेल्या माणसावर रोखला, तेव्हां त्याला तेथें कोणाची मालमत्ता दिसली नाहीं. खोर दिसला, यर्मोलाय दिसला, आरीना दिसली. बंदुकीच्या बारानें पडलेले पक्षी त्याच दिवशीं शिजून संपले. टिपणवहींत उतरलेलीं माणसें मात्र आजहि जिवंत आहेत.