दिल्लीचा फोड आणि बोस्टनचा डॉक्टर

आज एका फोडाची गोष्ट. दिल्लीत त्याला 'दिल्ली बॉइल' म्हणायचे, बगदादमध्ये 'बगदाद बॉइल', अलेप्पोत 'अलेप्पो बॉइल'. चेहऱ्यावर किंवा हातापायावर गाठ येते, तिची जखम होते. फारशी दुखत नाही, पण महिनोन्‌महिने भरत नाही आणि जाताना कायमचा वण ठेवते.

१८८५ साली कोलकात्यात डेव्हिड कनिंगहॅमला या जखमेच्या पेशींत काही विचित्र कण दिसले, पण ते नेमके काय आहेत हे त्याला उमगलं नाही. १८९८ मध्ये ताश्कंदच्या बोरोव्स्कीने ओळखलं, की हा एकपेशीय परजीवी आहे. पण त्याने लिहिलं रशियनमध्ये, आणि बाहेरच्या जगाने ते वाचलंच नाही!

मग १९०३. बोस्टनमध्ये हा रोग होतच नाही. तिथे आर्मेनियाहून आलेल्या एका लहान मुलाच्या जखमेचा तुकडा जेम्स होमर राइटने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि परजीवीचं नेमकं वर्णन छापलं. मला यातली गंमत वाटते ती ही, की पेशंट कुठून आलाय हे त्याने ध्यानात घेतलं. म्हणून लेखाच्या शीर्षकातच त्याने 'दिल्ली सोअर' लिहिलं!

आज आपण याला त्वचेचा लेश्मॅनियासिस म्हणतो. तो वाळूमाशी चावल्याने होतो. खरी अडचण पुढेच आहे. फोड येतो चावल्यानंतर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी. तोवर ट्रिपचे फोटोसुद्धा जुने झालेले असतात. डॉक्टर साधं इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक देतात आणि फरक पडत नाही, कारण हे बॅक्टेरियाचं काम नव्हेच.

कुठे गेला होतात, यावर उपचारही ठरतो. मध्यपूर्वेतला फोड बरेचदा आपोआप भरतो, किंवा जखमेतच अँटिमनीचं इंजेक्शन देऊन भागतं. दक्षिण अमेरिकेतल्या काही जाती मात्र पुढे कित्येक वर्षांनी नाक-तोंडाच्या आतल्या भागाची नासधूस करू शकतात. तिथे पूर्ण शरीरावर काम करणारं औषध लागतं. म्हणून जखमेच्या कडेचा तुकडा घेऊन, पीसीआर करून जात ओळखतात.

आणि हे फक्त परदेशाचं नाही हं. आपल्याकडे राजस्थानात बिकानेरच्या भागात हा रोग आहे. तेव्हा महिनाभर न भरणारी जखम असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका. वर्षभरात कुठे कुठे फिरलात, ते आपणहून सांगा.

भेटू पुढच्या भागात!