घोड्याची २८ बोअर दुनळी

बोअरचा आकडा वाढतो तशी नळी बारीक होते. एक पौंड शिशाच्या २८ सारख्या गोळ्या ओतल्या, की एका गोळीचा व्यास तोच २८ बोअरच्या नळीचा : सुमारे १४ मिलिमीटर. १२ बोअरची नळी साडेअठरा मिलिमीटरची. जुन्या दुनळी बंदुकीचे घोडे बाहेर असत आणि ते अंगठ्याने चढवावे लागत. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या नळ्या काळ्या दारूसाठी होत्या. त्यांत आजचे काडतूस घालणे जिवावर बेतू शकते. आता वन्यजीव संरक्षण कायद्याने (१९७२) शिकारीला बंदी आहे. शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. वारशाने आलेलीही त्यांतच मोजतात. म्हणूनच अशी एखादी दुनळी परवान्यासह नीट जपणाऱ्या घराचे मोल मोठे आहे. — संपादक