सुसा येथील विवाहसोहळा

सिंधूच्या खोऱ्यातून माघारी वळलेले आणि मकरानच्या वाळवंटात अर्धमेले झालेले अलेक्झांडरचे सैन्य इ.स.पूर्व ३२४ मध्ये सुसा नगरीत पोहोचले. इराणच्या नैर्ऋत्येस असलेली ही हखामनी सम्राटांची एक जुनी राजधानी. आज तिला शूश म्हणतात. या नगरीत अलेक्झांडरने एक विवाहसोहळा मांडला. वर मॅसिडोनियाचे व ग्रीसचे, वधू इराणी, आणि विधी इराणी पद्धतीचा.

विधी तसा साधाच होता. वरांसाठी मानाच्या क्रमाने आसने मांडलेली होती. मद्यपान आटोपल्यावर वधू आत आल्या व आपापल्या वराशेजारी बसल्या. वराने वधूचा हात हाती घेतला, तिचे चुंबन घेतले, की विवाह झाला. अंतरपाट नाही, होम नाही. प्रथम राजाने हे केले, मागून इतरांनी. दरायस बादशहाची कन्या स्तातेइरा आणि तिसऱ्या आर्टाझर्क्सिसची कन्या पारिसातिस या दोघींचे पाणिग्रहण त्याने केले. रोक्साना ही पहिली राणी होतीच. स्तातेइराची बहीण द्रिपेतिस हेफेस्टिअनला दिली. आपली आणि जिवलग मित्राची मुले एकमेकांची मावसभावंडे व्हावीत, हा राजाचा त्यातील हेतू होता.

थाटाचे वर्णन राजदरबारी असलेल्या कॅरीस याने केले आहे. ब्याण्णव शयनगृहे, रुप्याच्या पायांचे मंचक, राजाच्या मंचकाचे पाय सोन्याचे, वीस हात उंचीचे रत्नजडित स्तंभ, आणि पाच दिवसांचा उत्सव. एरियन हा मागाहून झालेला इतिहासकार वरांची संख्या सुमारे ऐंशी देतो. हुंडाही राजानेच दिला, हे विशेष. याखेरीज दहा हजारांहून अधिक सैनिकांनी अगोदरच आशियातील स्त्रियांशी संसार थाटलेले होते. त्यांची नावे नोंदवून त्यांनाही आहेर करण्यात आला.

दोन संस्कृतींचे हे मीलन म्हणून या सोहळ्याची फार वाखाणणी झाली आहे. पण वधूवरांच्या याद्या नीट पाहिल्या म्हणजे एक गोष्ट डोळ्यांत भरते. मॅसिडोनियाची एकही मुलगी इराणी सरदाराला दिल्याची नोंद नाही. आपल्या धर्मशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे, तर हे सारे अनुलोम विवाह होत. प्रतिलोमाला तेथे वावच नव्हता. दरायसच्या मुली इ.स.पूर्व ३३३ पासून विजेत्याच्या ताब्यात होत्या, आणि त्यांना ग्रीक शिकवण्यासाठी शिक्षक नेमल्याचे डायोडोरस सांगतो. उलट फारसी शिकून इराणी वेष स्वीकारणारा मॅसिडोनियन सरदार म्हणून एरियन एकट्या प्यूकेस्टसचेच नाव घेतो. जित स्त्रीने जेत्याची भाषा शिकावी. जेत्याने तिचा केवळ विवाहविधी एका संध्याकाळपुरता उचलावा, असा हा व्यवहार होता. एवढेही पुष्कळ वरांना रुचले नाही. राजाच्या बरोबरीचा मान मिळूनही इराणी रीतीचा हा विवाह त्यांना खटकला, असे एरियन स्पष्ट म्हणतो.

त्याच वर्षी ओपिस येथे सैन्यात बंडाळी झाली. ती शमल्यावर सुमारे दहा हजार वृद्ध व जायबंदी सैनिकांना स्वदेशी धाडण्यात आले. आशियातील स्त्रियांपासून झालेली मुले येथेच ठेवा, घरी नेलीत तर कलह माजतील, असे राजाने बजावले. मॅसिडोनियन रीतीने त्यांना वाढवून मोठेपणी स्वतः बापांच्या हवाली करीन, असे वचनही दिले. पुढच्याच वर्षी जून महिन्यात बाबिलोन येथे त्याचा अंत झाला आणि वचन वाऱ्यावर गेले. त्या मुलांचा आणि त्यांच्या मातांचा इतिहासात पुढे माग लागत नाही.

राजस्त्रियांचे भोग मात्र नोंदलेले आहेत. रोक्सानाने खोटे पत्र पाठवून स्तातेइराला बोलावून घेतले, बहिणीसह तिला ठार केले, आणि प्रेते विहिरीत टाकून ती बुजवली, असे प्लुटार्क सांगतो. क्रेटेरसने दरायसची पुतणी अमास्त्रिस हिला सोडून अँटिपेटरच्या मुलीशी लग्न केले. अमास्त्रिस मात्र खचली नाही. तिने काळ्या समुद्राच्या काठी हेराक्लियाच्या अधिपतीशी पुनर्विवाह केला, त्याच्यामागे राज्य सांभाळले, स्वतःच्या नावाचे नगर वसवले आणि ‘राणी’ या बिरुदासह नाणी पाडली. ते नगर तुर्कस्तानात अमासरा या नावाने आजही नांदते आहे.

सेल्यूकसखेरीज इतर सर्वांनी आपल्या इराणी बायका टाकल्या, असे सर्रास लिहिले जाते. ते पुराव्याच्या पुढे जाणारे आहे. बहुतेक जोडप्यांविषयी जुने ग्रंथ मूकच आहेत. सेल्यूकसचा संसार टिकला, एवढे खरे. त्याची पत्नी अपामा ही स्पितामेनेसची कन्या; अलेक्झांडरला मध्य आशियात जेरीस आणणारा तो हाच. इ.स.पूर्व २९९ च्या सुमारास मिलेटस नगरीने ठराव करून तिचा सन्मान केला, तेव्हा सुसाच्या सोहळ्याला पंचवीस वर्षे होत आली होती. तिचा मुलगा पहिला अँटायोकस पित्यामागे गादीवर आला. म्हणजे सेल्यूकसच्या राजवंशात आरंभापासूनच इराणी रक्त होते.

याच सेल्यूकसने चंद्रगुप्त मौर्याशी तह करून पाचशे हत्ती घेतले, आणि त्या तहातही सोयरिकीचे एक कलम होते. पुढे अशोकाने सौराष्ट्रात गिरनारच्या शिळेवर जो लेख कोरविला, त्यात ‘अंतियोक’ नावाच्या यवनराजाचा उल्लेख आहे. तो दुसरा अँटायोकस, अपामाचा नातू, असे विद्वान सामान्यतः मानतात.