पाण्याची वीज आणि तिचे मोल

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्या मुख्यत्वे दगडी कोळशाच्या वाफेवर चालत. कोळसा बंगालहून वा समुद्रापलीकडून आणावा लागे आणि एकदा जळला की संपे. सह्याद्रीवरचा पाऊस मात्र दरवर्षी नव्याने येई. हे हेरून जमशेटजी टाटांनी पाण्यापासून वीज काढण्याचा संकल्प केला. १९०४ साली ते निवर्तले. पुत्र दोराबजींनी तो तडीस नेला. लोणावळ्याकडील तलावांचे पाणी नळांवाटे सुमारे १,७०० फूट खाली खोपोलीस उतरे, त्याच्या जोराने चाके फिरत आणि चाकांबरोबर जनित्रे. १९१५ साली ही वीज मुंबईस पोहोचली.

परंतु पाऊस फुकट मिळाला, तरी तो साठविण्यास जमीन लागते. मुळशीच्या नियोजित धरणाखाली मावळ्यांची भातशेते जाणार, म्हणून १९२१ साली तेथे सत्याग्रह उभा राहिला. सेनापती बापटांनी त्यापायी कारावास सोसला. तरीही धरण झाले आणि १९२७ साली भिरा येथे वीज निघू लागली.

जळालेला कोळसा परत येत नाही, तशी बुडालेली शेतेही येत नाहीत. पाण्याच्या शक्तीस अक्षय म्हणताना तिच्या जमाखर्चात मुळशीची ही रक्कमही मांडलीच पाहिजे.