कागदावरचा बंदा रुपया

बुटीबोरी म्हटलं की आज एमआयडीसी आठवते. पण हा भाग मुळात कापसाचा. कापूस विकला की शेतकऱ्याला रोख हवी असायची, आणि रोख म्हणजे चांदीचा रुपया. तोळाभर वजन, बारातले अकरा भाग चांदी. दगडावर वाजवून घ्यायचा, खणखणला की खरा.

पहिल्या महायुद्धात हा खणखणाट अडचणीत आला. चांदी महागली. लंडनला औंसाचा भाव ४३ पेन्सच्या वर गेला, की सोळा पेन्सचा रुपया वितळवण्यातच फायदा! १९१७ मध्ये तेच घडलं. फ्रान्समध्ये तर १९१४ लाच चांदीची नाणी बाजारातून गायब झाली होती. तिथल्या गावोगावच्या व्यापारी मंडळांनी छोट्या नोटा काढून सुटे पुरवले.

आपल्याकडे ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची नोट आली. छपाई इंग्लंडची. आता तिची रचना बघा. कोपऱ्यात चित्र कशाचं? पंचम जॉर्जच्या चांदीच्या रुपयाचं! शिवाय मागितल्यास रुपया देण्याचं वचन. म्हणजे कागदच सांगतोय, 'माझ्यावर नको, त्या नाण्यावर विश्वास ठेवा.' लोकांनी तरी लगेच कुठे ठेवला? आडगावांत नोटेला रुपयापेक्षा कमी भाव मिळायचा. १९१८ मध्ये अमेरिकेने डॉलर वितळवून भारताला चांदी विकली, तेव्हा सरकारची वेळ निभावली. पुढे १९२६ मध्ये ही नोट बंद झाली.

मग दुसरं महायुद्ध. जून १९४० मध्ये पॅरिस पडलं आणि इथे लोक नोटा देऊन रुपये घ्यायला धावले. हजारो मैलांवरचा पराभव, पण धसका इथल्या गल्ल्याला! सरकारने गरजेपेक्षा जास्त नाणी घेण्यावर बंदी आणली, रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, आणि ऑगस्टमध्ये एक रुपयाची नोट पुन्हा काढली. नाण्याचं चित्र राहिलं, वचन मात्र गेलं. कारण वटहुकमाने ही नोटच नाणं ठरवली होती. नाण्याच्या बदल्यात नाणं देण्याचं वचन कशाला?

इथे खरा बदल झाला, असं मला वाटतं. १९१७ चा कागद चांदीचा जामीन देत होता. १९४० चा कागद फक्त सरकारचा शब्द होता. आणि तो चालला, कारण दुसरा पर्याय लोकांच्या हातात उरलाच नव्हता.

घरी एक रुपयाची नोट असेल तर आज काढून बघा. बाकी नोटांवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचं वचन असतं. हिच्यावर 'भारत सरकार', वित्त सचिवांची सही आणि नाण्याचं चित्र, वचन नाही. युद्ध कधीच संपलं, पण त्या वेळची तडजोड अजून आपल्या पाकिटात आहे.