होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम : खेड्यातील शाळेत प्रयोगाला मान देणारी ३० वर्षे

मध्य प्रदेशातील ग्रामीण व आदिवासी भागांतील सरकारी शाळांत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी १९७२ ते २००२ या काळात राबवला गेलेला हा प्रयोगाधिष्ठित विज्ञान शिक्षणाचा उपक्रम होय. किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी राज्य सरकारच्या संमतीने १६ शाळांत त्याचा आरंभ केला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक त्यात सहभागी झाले. १९७८ मध्ये तो संपूर्ण होशंगाबाद जिल्ह्यात लागू झाला. त्यामुळे सातपुड्यातील गोंड व कोरकू वस्त्यांच्या केसला परिसरापर्यंत तो पोहोचला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने पुढे त्याची धुरा वाहिली व इतर जिल्ह्यांतही त्याचा विस्तार झाला.

‘बाल वैज्ञानिक’ या पाठ्यपुस्तकात तयार उत्तरे नसत. प्रयोगाच्या सूचना आणि प्रश्न असत. चार-चार मुलांचे गट प्रयोग करत, निरीक्षणे वहीत नोंदवत आणि निष्कर्षावर वर्गात चर्चा करत. पाने, बिया, माती व पाणी ही परिसरातील सामग्री अभ्यासाची साधने ठरली. फासे टाकून संभाव्यतेची कल्पनाही मुलांनी स्वतः पडताळली. १९७८ मध्ये या कार्यक्रमात काम करताना अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीतील काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी जोडून भूमितीच्या आकृत्या घडवल्या. स्वस्त साधनांतून विज्ञान शिकवण्याचे हेच काम त्यांनी नंतर पुण्यातील आयुकाच्या बालविज्ञान केंद्रात चालवले.

मात्र, कार्यक्रमाचे खरे बळ साहित्यापेक्षा व्यवस्थेत होते. शिक्षकांना उन्हाळी सुटीत प्रशिक्षण मिळे, त्यानंतर मासिक बैठकांत अडचणींवर विचार होई. परीक्षेत पुस्तक व वही उघडण्यास मुभा होती आणि प्रात्यक्षिकालाही गुण होते. पाठांतराला गुण नसल्याने प्रयोग टाळण्याचे कारणच उरत नसे.

२००२ मध्ये राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला आणि शाळांत पुन्हा सर्वसाधारण पाठ्यपुस्तके आली. एखाद्या दिवसाचे विज्ञान प्रदर्शन दुर्गम शाळेत कुतूहल जागवते. परंतु ते वर्षभर टिकायचे तर शिक्षक, पाठ्यपुस्तक आणि परीक्षा या तिन्ही गोष्टी एकत्र बदलाव्या लागतात, हे होशंगाबादने दाखवून दिले.